बोडीतली जलपर्णी आणि बेशरम कशी काढावी: नव्या बोडीमालकांसाठी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत धानाच्या शेताला लागून असंख्य बोड्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी छोटी तळी, आहेत. मोठे मालगुजारी (जुन्या जमीनदारांचे) तलाव १९५० नंतर सरकारकडे आणि पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. बोडी मात्र खासगी राहिली, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर. त्यामुळे तलावात जलपर्णी वाढली तर ग्रामसभेत विषय मांडता येतो, पण बोडीत वाढली तर ती आपल्यालाच काढावी लागते.

हा लेख ज्यांच्या वाट्याला नुकतीच बोडी आली आहे त्यांच्यासाठी आहे. वाटणीत आली असेल, शेतासोबत विकत घेतली असेल, किंवा नोकरी संपवून गावी परतल्यावर ताब्यात आली असेल. माझ्या बोडीत जलपर्णी आणि बेशरम नावाचं झुडूप दोन्ही होतं. आज तिथे पाणी मोकळं आहे, मासळी निघते, आणि धान निसवताना तुडूम (पाणी सोडायचं तोंड) उघडलं की पाणी अडत नाही. मधल्या काळात जे कळलं ते क्रमाने सांगतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी. तण काढणं हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे त्यानंतरचे किमान तीन पावसाळे काठाने फिरून नवी रोपं वेचणं. पैशांचा आणि माणसांचा हिशेब तसाच करा. सगळा पैसा पहिल्या उन्हाळ्यात मशीनवर खर्च केला आणि पावसाळ्यात एका मजुराचीही सोय ठेवली नाही, तर पुढच्या दिवाळीपर्यंत बोडी पुन्हा झाकलेली दिसेल.

१. पाण्यात नेमकं काय आहे ते ओळखा

प्रत्येक तणाचा उपाय वेगळा आहे. एकाला लागू पडणारी पद्धत दुसऱ्याला वाढवते. म्हणून विळा उचलण्याआधी एक सकाळ बोडीभोवती चक्कर मारा, काठीने रोप ओढून काढा आणि मुळापर्यंत बघा.

जलपर्णी: देठ मधोमध फुगलेला, दाबला तर आत स्पंजासारखी पोकळी, जांभळट फुलांचा तुरा आणि पाण्यात लोंबणारी काळी, पिसांसारखी मुळं. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. शोभेचं झाड म्हणून १८९० च्या दशकात बंगालमध्ये आली आणि तिथल्या नद्या-नाले तिने असे बुजवले की १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे वैनगंगेत भंडाऱ्याजवळ ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून पुढे वैनगंगेत पोचतं, आणि गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचं संथ पाणी तिला मानवतं.

बेशरम: काठावर आणि उथळ पाण्यात वाढणारं झुडूप, गुलाबी-जांभळी नरसाळ्यासारखी फुलं. हेही अमेरिका खंडातून आलेलं. कुंपणासाठी फांदी खोचली की लागते, त्याच गुणाने ते बोडीच्या पोटात उतरतं.

गोंडाळ: कोबीच्या लहान गड्ड्यासारखं तरंगणारं, मऊ लव असलेलं. जलपर्णीसोबतच सापडतं, उपायही तोच.

साल्विनिया: दुमडलेल्या छोट्या पानांची, पानावर उभे केस असलेली. हिला बी धरत नाही, ती फक्त तुकड्यांनी पसरते. त्यामुळे शेवटचा तुकडा काढला की ती खरोखर संपते.

हायड्रिला आणि तिच्यासारख्या पाण्याखालच्या वनस्पती: या बहुतेक आपल्या इथल्याच आहेत. माशांना त्यांचा आसरा असतो. अति झाल्या तरच हात लावायचा.

पाणकणीस: हेही देशी आहे. ते खूप वाढलं असेल तर बोडी गाळाने उथळ झाली आहे असं समजा.

कमळ, कुमुद, शिंगाडा, काठावरचं देवधान (रानधान) यांना तण म्हणू नका. मशीन लावून सगळं सपाट करणारे लोक जलपर्णीसोबत हेही उपटतात आणि मग रिकाम्या पाण्यात सर्वांत आधी परत येते ती जलपर्णीच.

२. कागद आणि हक्क तपासा

खासगी बोडी असली तरी तिच्यावर फक्त आपलाच हक्क असेल असं नाही. एका बोडीतून चार जणांच्या धानाला पाणी जात असतं, मासे दुसऱ्याच कुणाच्या बटईने असतात, गावची जनावरं पाणी प्यायला येतात. आधी हे जमवून ठेवा:

- सातबारा आणि आठ-अ. बोडीखालची जमीन बऱ्याचदा पोटखराब म्हणून नोंदलेली असते, ती नोंद बघून ठेवा.
- गटाचा नकाशा, म्हणजे पाळ (बोडीचा बांध) आपल्या हद्दीत आहे की शेजाऱ्याच्या ते कळेल.
- निस्तार पत्रक. विदर्भातल्या गावांत पाणी, चराई, मासेमारीचे परंपरागत हक्क त्यात नोंदलेले असतात. तलाठी कार्यालयात बघायला मिळतं.
- सहहिस्सेदारांची लेखी संमती. खर्चाची वाटणीही त्याच कागदावर लिहा.
- मासे बटईने दिले असतील तर त्या माणसाशी तारीख ठरवून घ्या. त्याचं बीज पाण्यात असताना काम सुरू करणं हा अन्याय आहे.

गाळही काढणार असाल आणि तो आपल्या शेताबाहेर न्यायचा असेल, तर गौण खनिजाच्या परवानगीबद्दल तहसील कार्यालयात आधी विचारा. ट्रॅक्टर रस्त्यात अडवल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते सोपं जातं.

३. महिना नीट निवडा

बोडी पावसाळ्यात भरते, धानाला पाणी देऊन हिवाळ्यात उतरते आणि बहुतेक बोड्या एप्रिल-मेपर्यंत तळाला जातात. याच चक्राचा उपयोग करायचा.

जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात हा तरंगतं तण काढायचा उत्तम काळ. पाणी कमरेपर्यंत असतं, माणूस उभा राहून काम करू शकतो, तण थोड्या जागेत गोळा झालेलं असतं आणि धानाची कामं संपल्यामुळे मजूर मिळतात. बेशरम मार्च-एप्रिलमध्ये, माती ओलसर असताना. गाळ मेमध्ये.

पावसाळ्यात मोठी सफाई करू नका. पाणी खोल असतं, तण पसरलेलं असतं, आणि त्याच काळात पक्ष्यांची घरटी असतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि आजूबाजूला उरला आहे, आणि तो धानाच्या बांध्यांत, पाणथळीतच पावसाळ्यात घरटं करतो. आपल्या बोडीत सारसाचं घरटं दिसलं तर तो हंगाम काम थांबवा आणि वनविभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे घरट्याला हात लावणं गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी तो पक्षी आपल्या बोडीत आला याचं मोल कुठल्याही सफाईपेक्षा मोठं आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. उन्हाळ्यात बोडी कोरडी पडली म्हणजे जलपर्णी मेली, असं लोक धरून चालतात. झाडं मरतात, बी मरत नाही. चिखलातलं बी पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. उलट तळ उघडा पडून त्यावर ऊन आलं आणि मग पहिल्या पावसाने तो भिजला, की काठच्या ओल्या चिखलात बी रुजायला तीच सर्वांत चांगली स्थिती असते.

४. सामान आणि माणसं

- लांब दांड्याचं लोखंडी दाताळं, दोन-तीन
- विळे, कुऱ्हाड, सब्बल, कुदळ, पावडं
- जाड नायलॉन दोरी, बोडीच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त लांब
- जुनं मासेमारीचं जाळं आणि झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या
- बांबू
- डोंगा, किंवा ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब
- टोपल्या, घमेली
- गमबूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायला खोबरेल तेल
- पोहता न येणाऱ्यासाठी लाईफ जॅकेट

कामाला एकटं कधीही उतरू नका. बोडीच्या मधल्या गाळात पाय रुततो, आणि जलपर्णीच्या दाट थराखाली गेलेल्या माणसाला वर यायला वाट सापडत नाही. एक माणूस कायम पाळीवर, हातात दोरी घेऊन. तण उचलताना त्यात साप असतो. बहुतेक वेळा तो बिनविषारी दिवड असतो, पण पाळीवरच्या वाळलेल्या ढिगात घोणस बसलेली असू शकते. म्हणून ढीग हाताने उचकू नका, आधी दाताळ्याने हलवा. कुणाला घोणस चावलीच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

काम ढिवर समाजातल्या मासेमारांना देता आलं तर अवश्य द्या. पाण्यात कसं उभं राहायचं, वारा बघून तण कुठे जमेल, गाळ कुठे खोल आहे, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मजुरी चार पैसे जास्त द्यावी लागली तरी काम निम्म्या त्रासात होतं.

५. आधी येण्याची वाट बंद करा

बोडी साफ करण्याआधी तण येतं कुठून ते बघा. वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट येव्याची. वरच्या बोडीतून किंवा नाल्यातून पाणी येत असेल तर तिथे बांबू रोवून त्यावर जुनं जाळं ताणा. पूर आला की जाळं तुटतं, म्हणून वरची कड दोरीने सैल ठेवा म्हणजे पाण्यासोबत ते वर उचललं जाईल. वरच्या बोडीचा मालक तयार असेल तर दोघांनी एकाच वर्षी काम करा. वरची बोडी भरलेली असताना खालची साफ करण्यात फार अर्थ नाही.

दुसरी वाट जाळ्यांची आणि मशीनची. वैनगंगेत वापरलेलं जाळं त्याच ओल्या अवस्थेत बोडीत टाकलं की त्यात अडकलेली जलपर्णीची पिल्लं (छोटी रोपं) इथे सुटतात. जाळं कडक उन्हात पूर्ण वाळवूनच आत येऊ द्या. मशीनची बकेट आणि चाकं आपल्या शेतात शिरण्याआधी धुवून घ्या. मत्स्यबीजाच्या पिशवीतलं पाणीही तपासा.

तिसरी वाट खताची. जलपर्णी नुसत्या पाण्यावर इतकी माजत नाही. वरच्या बांध्यांतून वाहून येणारा युरिया, काठावरचा उकिरडा, गोठ्याचं पाणी यांवर ती वाढते. उकिरडा उताराच्या दुसऱ्या बाजूला हलवा. येव्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा खणा आणि दोन्ही बाजूंनी वाळ्याची रांग लावा. हे काम फोटोत दिसत नाही म्हणून लोक टाळतात. माझ्या मते पूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त परतावा याचाच आहे.

६. जलपर्णी काढणं

आधी आकार लक्षात घ्या. दाट जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी दोनशे टनांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे एक एकराच्या बोडीत ऐंशी टन. त्यात ९० ते ९५ टक्के पाणी असतं. याचा सरळ अर्थ असा की ती ट्रॉलीत भरून दूर नेणं म्हणजे पाणी वाहून नेण्याचं भाडं देणं. शिवाय ती फुगीर असते, ट्रॉली भरलेली दिसते पण वजन फारच थोडं गेलेलं असतं. काठावर काढा, वाळू द्या, मग हलवा.

कामाची पद्धत अशी:

सकाळी वारा कोणत्या बाजूचा आहे ते बघा. तण वाऱ्याने ज्या काठाला लोटलं जातं तिथूनच काढायला सुरुवात करा. समोरच्या बाजूचं आपोआप तिकडे सरकत येतं.

दाट थर एकसंध असतो, तो ओढला जात नाही. डोंग्यातून विळ्याने त्याचे आठ-दहा फुटांचे पट्टे पाडा.

जाळ्याला वरच्या कडेने बाटल्या बांधून तरंगता पट्टा करा. दोन्ही टोकांना दोरी. दोन माणसं दोन बाजूंच्या पाळीवरून ओढत तण एका कोपऱ्यात आणतात, तिथे उभी असलेली माणसं दाताळ्याने बाहेर काढतात. साफ झालेला भाग आणि न झालेला भाग यांच्यामध्ये हा पट्टा रात्रीही बांधून ठेवा, नाहीतर सकाळी वारा फिरलेला असतो आणि कालची मेहनत झाकली जाते.

बोडीत मासे असतील तर सगळं एका दमात काढू नका. गाळ ढवळला की पाण्यातला प्राणवायू उतरतो. पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसले तर त्या दिवशी काम थांबवा आणि शक्य असेल तर पंपाने पाणी उडवून परत बोडीतच पाडा.

शेवटची फेरी सर्वांत महत्त्वाची. पाणकणसाच्या बुंध्यात, बेशरमाच्या फांद्यांत, तुडमाच्या खाचेत अडकलेली नखाएवढी पिल्लं हाताने वेचा. गणित असं आहे: जलपर्णी अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. जूनमध्ये एक चौरस मीटर राहिली तर बारा आठवड्यांत ६४ चौरस मीटर, आणि चोवीस आठवड्यांत ४०९६. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर.

मशीन लावायचंच असेल तर लांब हाताचं पोकलेन घ्या, ते पाळीवर उभं राहून काम करू शकतं. आणि चालकाला तीन गोष्टी काम सुरू होण्याआधी सांगा. पाळीच्या पायथ्याशी खणायचं नाही, पाळ कमकुवत होते. गाळाखालचा कठीण चिकणमातीचा थर फोडायचा नाही. तो फुटून मुरूम लागला की बोडी पाणी धरत नाही, आणि हे नुकसान सहज भरून निघत नाही. काढलेलं तण पाळीच्या आतल्या उतारावर टाकायचं नाही, ते पहिल्या पावसात परत पाण्यात येतं. काम ठेक्याने दिलं तर शेवटचा हप्ता जुलैमध्ये बोडी बघून देण्याचं ठरवा.

७. बेशरम उपटणं

याला कापण्याचा उपयोग नाही. कापल्यावर बुंध्यातून चार फांद्या येतात आणि पाण्यात पडलेला प्रत्येक तुकडा मुळं धरतो. माती ओली पण पाणी उतरलेलं असताना सब्बलीने मुळासकट काढा. तुटलेले तुकडे ताडपत्रीवर गोळा करा. पाळीच्या बाहेरच्या बाजूला, जमिनीला टेकणार नाहीत असे दगडांवर किंवा बांबूंवर रचून कडक वाळू द्या. वाळलेलं जळणाला चालतं, पण घरात स्वयंपाकाला वापरू नका, शेतात वापरा.

हे झाड विषारी आहे. शेळ्या-मेंढ्या चारा कमी असताना ते खातात, त्यांना त्याची सवय लागते आणि मग तोल जाणं, अशक्तपणा अशी लक्षणं दिसतात. काम चालू असताना शेळ्या तिकडे येऊ देऊ नका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पाळीच्या अगदी अंगात रुजलेली जुनी झाडं मात्र सगळी एकदम काढू नका. त्यांच्या मुळांनी माती धरलेली असते. थोडी काढा, खड्डा मातीने ठोकून बुजवा, तिथे वाळा किंवा दूर्वा लावा, मग पुढची.

८. पाण्याखालचं तण आणि पाणकणीस

हायड्रिला कापून पाण्यात सोडली तर तुकड्यातुकड्यांनी वाढते, शिवाय तिचे कंद गाळात असतात. बारमाही बोडी असेल तर ग्रासकार्प हा मासा उत्तम उपाय आहे. तो १९५९ मध्ये भारतात आणला गेला आणि मत्स्यपालनात आता सर्रास आहे. हायड्रिला, लेम्ना, अझोला तो आवडीने खातो. जलपर्णीला सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे तिच्यासाठी म्हणून तो सोडू नका. बीज बोटभर नको, वीतभर लांबीचं सोडा, म्हणजे मरळीच्या तोंडी जाणार नाही. मिश्र मत्स्यपालनात एकूण बीजाच्या दहाएक टक्के पुरे. जास्त सोडलात तर तो देशी वनस्पतीही संपवतो आणि भुकेने काठच्या धानाच्या रोपांकडे वळतो. सलंगावर (जादा पाणी बाहेर पडायच्या जागेवर) बांबूची जाळी लावा, पुराच्या पाण्यासोबत तो बाहेर जाता कामा नये.

पाणकणसाची एक सोपी युक्ती आहे. त्याच्या गाळातल्या खोडाला हवा वरच्या पानांतून मिळते. पाण्याच्या पातळीच्या वीतभर खाली कापलं आणि काप पाण्याखाली राहिला, तर खोड गुदमरून कुजतं. एकदा कापून पुरत नाही, पुन्हा फुटलं की पुन्हा पाण्याखालीच कापायचं.

९. काढलेल्या तणाचं काय करायचं

फुलं येण्याआधी काढलेली जलपर्णी खताला चांगली. दोन-चार दिवस सुकवा, वीतभर तुकडे करा. मग तणीस (धानाचा पेंढा), शेण, माती आणि जलपर्णी यांचे थर. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी रूढ केलेलं नाडेप टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, याला सोयीचं पडतं. भिंतीतल्या भोकांमुळे हवा खेळते आणि तीन ते चार महिन्यांत खत होतं.

फुलून बी धरलेली जलपर्णी असेल तर ते खत भाजीच्या वाफ्यात किंवा उंच जमिनीत वापरा, धानाच्या बांधीत नको. बांधीतलं पाणी शेवटी कुठल्यातरी बोडीतच उतरतं.

शहराच्या सांडपाण्यावर किंवा कारखान्याच्या पाण्यावर वाढलेली जलपर्णी खताला वापरू नका. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते. जनावरांना ओली जलपर्णी भरपूर घालू नका. पोट पाण्याने भरतं, पोषण होत नाही.

१०. फवारणी आणि भुंगेरे

कृषी केंद्रात तणनाशकाचा सल्ला लगेच मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: बोडीत फवारणी करू नका. फवारलेलं तण जागच्या जागी मरून बुडतं, कुजताना प्राणवायू ओढून घेतं आणि मासे मरतात. कुजलेलं सगळं तळाला खत म्हणून बसतं, त्यावर पुढची पिढी वाढते. त्या पाण्यावर जनावरं येतात. शिवाय रुंद पानांच्या तणांवरचं टू-फोर-डी वाऱ्याने उडालं तर बाजूची लाखोरी, हरभरा आणि कापूस होरपळतो. ग्लायफोसेटबाबत तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे.

भुंगेऱ्यांचा उपाय खरा आहे, पण सगळीकडे चालत नाही. निओचेटिना जातीचे दोन भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले आणि जलपर्णीवर सोडले गेले. ते फक्त तिच्यावरच जगतात. परिणाम दिसायला तीन-चार वर्षं लागतात. त्यांचे कोष पाण्यातल्या मुळांवर होतात, म्हणून दर उन्हाळ्यात आटणाऱ्या बोडीत त्यांची साखळी तुटते. बारमाही, मोठं पाणी असेल तरच विचार करा. साल्विनियासाठीचा भुंगेरा वेगळा आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तो यशस्वीपणे वापरला. चुकीच्या तणावर चुकीचा भुंगेरा सोडला तर तो उपाशी मरतो, एवढंच.

११. तीन पावसाळ्यांची राखण

मृगाचा पाऊस पडून काठ भिजला की पहिली फेरी. जलपर्णीचं बीजाचं रोप मोठ्या झाडासारखं दिसत नाही, देठ फुगलेला नसतो, पानं अरुंद असतात, चिखलात रुजलेलं असतं. घरातल्या लहान मुलांना एकदा दाखवा, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, पण त्यांना पाण्यात एकटं पाठवू नका.

पहिल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर दर आठवड्याला फेरी हवी. दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला. तिसऱ्या वर्षी पोळा, नवरात्र आणि दिवाळी असे तीन टप्पे धरले तरी चालतं, अट एवढीच की मधल्या काळात फूल दिसलं तर त्याच दिवशी ते रोप काढायचं. वेचलेली रोपं काठावर टाकून घरी जाऊ नका, पिशवीत घालून पाळीच्या बाहेर न्या.

१२. बोडी उघडी ठेवू नका

मोकळं पाणी आणि उघडा गाळ यांवर जे आधी पोचेल ते वाढतं. तिथे आपण देशी वनस्पती आधी पोचवायच्या. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर मासेमारांनी काही तलावांत बेशरम उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, पहिल्या पावसात देशी पाणवनस्पती लावल्या. मासळी आणि पक्षी दोन्ही परत आले. खासगी बोडीत हेच लहान प्रमाणात करता येतं. एका कोपऱ्यात कमळाचे कंद, उथळ काठाला देवधान, मध्ये थोडी जागा शिंगाड्याला. रोपं शेजारच्या स्वच्छ बोडीतून आणा आणि आणल्यावर एकेक धुवून बघा, त्यात जलपर्णीचं पिल्लू नको. पृष्ठभागाचा निम्म्याहून जास्त भाग झाकू देऊ नका.

ओळख पटत नसेल किंवा नवंच काही दिसलं तर साकोलीच्या किंवा गोंदियाजवळ हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. सोबत बोडीचे दोन फोटो न्या, एक जवळून, एक पाळीवरून. मुळासकट एक रोप ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून न्या. वाटेत कुठल्या नाल्याकाठी ते उघडू नका, आणि काम झाल्यावर ते रोप केंद्रातच द्या.